पेशी ऐकतायत का

उज्ज्वलाला ताप यायचा बंद झाला, त्या दिवशी लंकाबाईंनी देवापुढं साखर ठेवली.

तीन महिने आठवड्यातून तीनदा सुनेचं अंग तापत होतं. सोमवार, बुधवार, शुक्रवार. दुपारी चारला तिचा नवरा गोकुळ तिच्या मांडीत बारीक सुईनं इंजेक्शन द्यायचा आणि दिवेलागणीला तिचे दात वाजायला लागायचे. दोन गोधड्या अंगावर, कपाळावर ओली पट्टी, आणि उशाशी बसून नाम घेणाऱ्या लंकाबाई. पोटात सहा महिन्यांचं बाळ. निमगाव सावाच्या त्या घरात वारच तापानं ओळखला जायचा. आणि मग एका शुक्रवारी इंजेक्शन झालं, दिवे लागले, जेवणं झाली, तरी अंग थंडच राहिलं.

"पांडुरंगानं ऐकलं गं बाई," लंकाबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनीही सुरुवातीला सांगितलंच होतं, की शरीराला सवय झाली की ताप कमी होत जाईल. म्हणून कुणी विचारलं नाही. साखर वाटली गेली.

उज्ज्वलाला दोन वर्षांपूर्वी रक्ताचा कॅन्सर निघाला होता, सावकाश चालणारा. रोज एक गोळी घ्यायची. गोळीनं पांढऱ्या पेशी अशा जागेवर आल्या की ती आजारी आहे हे शेजारीपाजारी विसरूनही गेले. पण दिवस राहिले आणि पुण्याच्या मोठ्या दवाखान्यातल्या मॅडमनी त्याच दिवशी गोळी बंद केली. पोटात बाळाचे अवयव घडत असताना ती गोळी चालत नाही. तिच्याऐवजी हे इंजेक्शन आलं. इंटरफेरॉन त्याचं नाव.

मॅडम तरुण होत्या आणि समजावून सांगायचा त्यांना कंटाळा नव्हता. "हे बाहेरचं काही नाही," त्या म्हणाल्या होत्या. "आपल्या अंगात व्हायरस शिरला की पेशी स्वतःच हे प्रथिन बनवतात. शेजारच्या पेशींना निरोप धाडायला. सावध व्हा, वाढ थांबवा, असा निरोप. कॅन्सरच्या पेशींनाही तो पोचतो. काही ऐकतात. काही ऐकून न ऐकल्यासारखं करतात. काहींनी तर दारच लावून घेतलेलं असतं. उज्ज्वलाच्या पेशी कशा आहेत, ते रक्ताचा आकडाच सांगेल."

लंकाबाईंना ते लगेच उमगलं. "म्हंजी कीर्तनावाणी," त्या म्हणाल्या. "बुवा समद्यांस्नी सारखंच सांगत्यात. कोण डोळं पुसतं, कोण पेंगतं."

मॅडम हसल्या. "तसंच, आजी. फक्त इथं पेंगणारे बसल्या जागी दुप्पट होतात."

हसता हसता सांगितलेलं ते वाक्य गोकुळच्या पोटात जाऊन बसलं होतं.

पण पेशींनी ऐकलं. अठरा हजारांवर चढलेला पांढऱ्या पेशींचा आकडा बारा हजारांवर आला, चौदावर गेला आणि तिथंच थांबला. चौदा हजार चालेल, मॅडम म्हणाल्या, बाळंत होईपर्यंत चालेल. आणि मग ताप थांबला, साखर वाटली गेली, आणि त्यानंतरच्या तपासणीत आकडा आला अडुसष्ट हजार.

मॅडमनी कागद दोनदा वाचला. या खेपेला त्या हसल्या नाहीत.

"औषध वेळेवर दिलंत?"

"एक दिस चुकला न्हाई," गोकुळ म्हणाला.

"थंड ठेवलंत ना?"

"मॅडम, माझा धंदाच थंडाव्याचा हाय," तो म्हणाला, आणि त्या तसल्या वेळीही त्याच्या आवाजात थोडा ताठा आला.

खोटं काही नव्हतं. गोकुळ गावोगाव फिरून गायी भरवायचा. मोटरसायकलला मागं नायट्रोजनचा कंटेनर बांधलेला, त्यात वळूच्या बीजाच्या कांड्या, शून्याखाली एकशे शहाण्णव अंशांवर. पंचक्रोशीत त्याला गोकुळ डॉक्टरच म्हणत.

मॅडमनी मान हलवली आणि त्या बाकीचं सांगायला लागल्या. पेशींनी निरोप ऐकणं सोडलं असावं. तसं होतं. पेशी आपल्या आतली तार बदलतात, मग कितीही सांगा. आता अडुसष्ट आहे, लाखावर गेलं तर रक्त घट्ट होईल, बाळाच्या वारेपर्यंत नीट पोचणार नाही. मशीनवर पेशी काढता येतात, पण ते दोन दिवसांपुरतं, पुन्हा भरतात. गोळी सुरू करायची तर बाळ बाहेर आलेलं बरं. "सोमवारी भरती व्हा. बाळाची फुप्फुसं पिकवायची दोन इंजेक्शनं देऊ आणि मग काढू."

"किती वजनाचं असल?" उज्ज्वलानं विचारलं.

"अकराशे ग्रॅम. जास्तीत जास्त बाराशे."

"जगतं का?"

"बरीच जगतात," मॅडम म्हणाल्या, आणि बरीच या शब्दावर त्यांचा आवाज जरा अडखळला. "सोमवारपर्यंतचं औषध मात्र चालू ठेवा."

तिघं परत निघाली. डेअरीची व्हॅन मागून आणलेली, गोकुळ चालवत होता. मंचरला कांद्याच्या ट्रकांची रांग लागली होती. ती ओलांडून त्यानं फतेचंदांच्या औषधाच्या दुकानापुढं गाडी लावली. डब्यातल्या बारा कुप्या संपल्या होत्या. हे औषध फतेचंदशेठ पुण्याहून मागवून बर्फाच्या डब्यात घालून द्यायचे आणि प्रत्येक वेळी जपून न्यायला सांगायचे.

"काय म्हणाल्या मॅडम?" फतेचंदांनी विचारलं.

गोकुळनं सांगितलं. फतेचंदांनी हातातला चष्मा काउंटरवर ठेवला. मग डबा भरता भरता, काहीतरी बोलायचं म्हणून, ते म्हणाले, "मागच्या महिन्यात तुमच्याकडे आठ दिवस लाइट नव्हती ना? डीपी जळाली होती. मला तेव्हाच काळजी वाटली होती. कसं निभावलंत?"

"त्यात काय," गोकुळ म्हणाला. "आई म्हणत व्हती डेअरीच्या कूलरात ठिवा. म्हणलं, माझ्या घरात शंभर गायींचं बीज मुक्कामाला हाय, मी दुसऱ्याच्या दारात कशाला जाऊ? बाराच्या बारा कुप्या फडक्यात बांधल्या आन् कंटेनरच्या गळ्यात सोडल्या. नायट्रोजनला लावल्या न्हाईत, वर, गळ्यात. एकदम गार."

फतेचंदांचा हात डब्यावरच थांबला.

"बाहेर काढल्यावर कशा होत्या?"

"कशा म्हंजी? पांढऱ्या, बर्फ धरल्याल्या. हातात धरली की सुटायची."

"गोकुळभाऊ," फतेचंद हळू आवाजात म्हणाले, "हे बीज नव्हे. बीजाला तुम्ही अंड्याच्या बलकात, ग्लिसरीनमध्ये घालून गोठवता, म्हणून ते वाचतं. हे नुसतं प्रथिन आहे पाण्यात. गोठलं की गेलं. दिसायला तसंच दिसतं."

गोकुळला आधी काहीच वाटलं नाही. मग ध्यानात आलं. कंटेनरचा गळा किती थंड असतो, हे त्याला कुणी सांगायची गरजच नव्हती. कांडी गळ्यापर्यंत उचलून चार सेकंदांच्या वर ठेवायची नाही, एकदा वितळली आणि परत खाली गेली की ती मेली, हे तोच नव्या पोरांना दटावून शिकवायचा. आणि त्या आठ दिवसांत रोज सात-आठ वेळा त्यानं कंटेनर उघडला होता. कुप्या वर यायच्या, सुटायच्या, परत गोठायच्या.

चार आठवडे तो बायकोच्या मांडीत पाणी टोचत होता. ताप थांबला तो शुक्रवार त्याच आठ दिवसांतला होता.

तो डबा घेऊन व्हॅनकडं आला. पुढच्या सीटवर उज्ज्वला पोटावर हात ठेवून बसली होती. मागं लंकाबाई डोळे मिटून.

"लई उशीर लावला," उज्ज्वला म्हणाली.

"गर्दी व्हती."

गाडी सुरू केली. कळंब गेलं. नारायणगाव आलं. त्याच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती आणि ती दोन्ही बाजूंनी कापत होती. सांगितलं नाही, तर सोमवारी अकराशे ग्रॅमचं लेकरू बाहेर काढतील, आणि पेशी बहिऱ्या झाल्या म्हणून काढतील, ज्यांना महिनाभर कुणी काही सांगितलंच नव्हतं. आणि सांगितलं, तर मॅडम थांबतील, नवं औषध देऊन बघतील, आणि पेशी खरोखरच बहिऱ्या असल्या तर? थांबण्याच्या त्या दिवसांत आकडा लाखावर जाईल. मग बाळही जाईल आणि उज्ज्वलाही. चूक कबूल करण्याची भीती वेगळी असते. ती माणूस कधीतरी गिळतो. ही भीती गिळली जात नव्हती.

"ओझरला घे रे," मागून लंकाबाई म्हणाल्या. "संकष्टी हाय आज. विघ्नहराला सांगितल्याबिगर मी घरी येत न्हाई."

ओझरच्या मंदिरात दर्शनाची रांग ओवरीपर्यंत आली होती. मंडपात कुणी बुवा उभे होते, टाळांचा गजर चालला होता. दर्शन झालं तशा लंकाबाई खांबाला टेकून बसल्या. बुवांनी निरूपण धरलं तसा त्यांचा चेहरा जरा सैल झाला. त्या बाईला दुःखात रडू यायचं नाही, कीर्तनात यायचं. दोघं त्यांना तिथं सोडून मागं नदीकडं आली. घाटाच्या पायऱ्यांवर उज्ज्वला कशीबशी टेकली. समोर कुकडीचं पाणी स्थिर होतं.

"उज्ज्वला."

"हं."

"त्या कुप्या म्या मारल्या."

तिनं वळून पाहिलं. त्यानं सगळं सांगितलं, डीपीपासून फतेचंदांपर्यंत. सांगताना त्यानं तिच्याकडं पाहिलं नाही, पाण्याकडं पाहिलं. मंडपातला मृदंग थांबून परत सुरू झाला.

"म्हंजी मला तुमी जर्सी समजून राखली," ती शेवटी म्हणाली.

तो हसू शकला नाही. तिलाही हसायचं नव्हतं.

"बारा येळा टोचलं," ती म्हणाली. "बारा येळा मी म्हणाले, आज ताप न्हाई, बरं झालं. मला कळायला पायजे व्हतं. माझं अंग हाय."

"तुझी काय चूक?"

"मग तुमची तरी काय? लई शाणपणा केला तेवढाच." तिनं डोळे पुसले. मग थोडं थांबून म्हणाली, "पर मग त्या पेशी बहिऱ्या नसतील. व्हय ना? त्यांना कुणी बोललंच न्हाई महिनाभर."

"नसतील. किंवा असतील. त्येचंच भ्या वाटतंय. मॅडमला सांगितलं तर त्या थांबतील. आन् आपण थांबलो आन् त्या बहिऱ्याच निघाल्या तर तुझं काय?"

"माझं मी बघते. फोन द्या."

"मी बोलतो."

"तुमी बोलला की कंटेनरचं कौतुक सुरू व्हईल. द्या हिकडं."

तिनं फोन लावला आणि एखादीनं उसनं आणलेलं भांडं फुटल्याचं सांगावं तसं सांगून टाकलं. मॅडमनी प्रश्न विचारले. कुप्या किती दिवस तिथं होत्या, किती वेळा वर आल्या, ताप कोणत्या तारखेला थांबला. मग गोकुळला फोन द्यायला सांगितलं.

"रागवायला नंतर वेळ मिळेल," त्या म्हणाल्या. "नवी कुपी आजच द्या. दर सोमवारी आणि गुरुवारी रक्त तपासा, नारायणगावात चालेल, आकडा मला लगेच पाठवा. सोमवारचं काढणं मी पुढं ढकलते. दहा-बारा दिवस. पण नव्वदच्या वर गेला किंवा तिला धाप लागली, डोळ्यापुढं अंधारी आली, तर त्याच तासाला निघायचं. कळलं?"

"कळलं. मॅडम, ताप आला तर समजायचं ना, की लागू पडलं?"

"ताप आला तर औषध जिवंत आहे, एवढंच समजायचं. तिच्या चांगल्या पेशींनी निरोप ऐकला, असं. कॅन्सरच्या पेशी ऐकतायत का, ते ताप सांगत नाही."

घरी पोचायला साडेचार वाजले. गोकुळनं कुपी हातात घेऊन उजेडात धरली. स्वच्छ पाण्यासारखी होती. मेलेल्याही अशाच दिसत होत्या. सुई भरून तो पहिल्यांदाच थांबला. उज्ज्वलानं स्वतःच त्याचं मनगट धरलं.

लंकाबाईंना वाटेतच सगळं सांगितलं होतं. त्या रागावल्या नव्हत्या, पण तेव्हापासून लेकाशी एक शब्दही बोलल्या नव्हत्या, आणि ते रागावण्यापेक्षा वाईट होतं. आता त्या उशाशी येऊन बसल्या. सहा वाजले. सात वाजले. उज्ज्वलाचं अंग थंड होतं. दोघंही तिच्या कपाळाला आळीपाळीनं हात लावत होती. ज्या तापाला तीन महिने शिव्या दिल्या, त्याची वाट बघत घर असं श्वास धरून बसलं होतं, की बाहेर गोठ्यात गाय हंबरली तरी तिघं दचकली.

साडेसातला उज्ज्वला म्हणाली, "आत्याबाई, खिडकी लावता का? गार वारं येतंय."

खिडकी लावलेलीच होती.

लंकाबाई उठल्या, गोधडी तिच्या अंगावर घातली, दुसरी घातली आणि लेकाकडं न बघताच म्हणाल्या, "ओली पट्टी आण." मग त्यांना जे रडू आलं ते कीर्तनातलं नव्हतं.

सोमवारी आकडा आला एक्क्याऐंशी हजार.

गोकुळ कागद घेऊन लॅबच्या पायरीवर बसला. मॅडम फोनवर म्हणाल्या, जिवंत औषध जाऊन चारच दिवस झालेत, घाबरू नका. पण ते म्हणायच्या आधी त्यांनी श्वास घेतला होता, तो त्याला ऐकू आला होता. त्या आठवड्यात त्यानं उज्ज्वलाला एकदाही एकटं सोडलं नाही. ती जिना चढली की तो खाली उभा राहून तिचा श्वास मोजायचा. ती स्वयंपाकघरात ठेचकाळली तर त्याला अंधारीच वाटायची. ती वैतागली. "म्हशीवाणी माझ्या मागं मागं फिरू नका," ती म्हणाली, "गावातल्या गायी तेवढ्या माजावर येऊन परत चालल्या." तरी जेवताना तिचा घास अडायचा, आणि बाळ हललं की ती हातातलं काम सोडून भिंतीला टेकायची. त्या हलण्यावर दोघांचाही आता पुरता विश्वास उरला नव्हता.

गुरुवारी शहाऐंशी.

नव्वदला चारच उरले. लंकाबाईंनी पुण्याला जायची पिशवी भरून दाराशी ठेवली. त्यात बाळाची टोपडी होती, तीही त्यांनी मोठी काढून लहानातली लहान तेवढी घातली होती. उज्ज्वलानं ते पाहिलं. त्या संध्याकाळी तिनं गोकुळला विचारलं, "समजा मॅडम म्हणाल्या एकालाच वाचवता येतंय, तर तुमी काय सांगाल?"

"तसं काही विचारत नसत्यात."

"समजा विचारलं."

"मी सांगल, तिलाच विचारा."

"भित्रे," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच त्याच्या खांद्यावर डोकं ठेवलं.

पुढच्या सोमवारी सकाळी रक्त देऊन आल्यावर दुपारी तिनंच त्याला घालवून दिलं. हौशीरामभाऊंची गाय रात्रीपासून माजावर होती, त्यांचे चार फोन येऊन गेले होते. फोन आला की लगेच परत या, म्हणाली.

फोन आला तेव्हा गोकुळचा डावा हात खांद्यापर्यंतच्या मोज्यात घालून गायीच्या आत होता आणि उजव्या हातात कांडीची नळी होती. खिशात फोन वाजला, थांबला, परत वाजला.

"भाऊ, काढा जरा खिशातला," तो म्हणाला. "लॅबचा असल. मेसेज असल तर वाचा."

हौशीरामभाऊंनी दावं खुंट्याला अडकवलं, धोतराला हात पुसले, फोन लांब धरला. चष्मा नव्हता. "इथं लई काय काय लिहिलंय."

"डब्ल्यूबीसी म्हणून असल. त्येच्या म्होरचा आकडा."

"हां. आठ… चार… मंग तीन शून्य." त्यांनी बोटानं मोजलं. "चौऱ्याऐंशी हजार. बरं का वाईट?"

गोकुळचा हात होता तिथंच राहिला.

"परत वाचा."

"आठ, चार, शून्य, शून्य, शून्य."

"मागं शहाऐंशी व्हता," गोकुळ म्हणाला.

"मंग उतरला की, राव."

"दोनच हजारानं." तो म्हणाला. "दोन हजार म्हंजी काय न्हाई. मशीन बी चुकतं."

गाय हलली. हौशीरामभाऊंनी तिच्या पाठीवर थाप मारली. गोकुळनं कांडी सोडली, सावकाश, जशी सोडायची तशी, आणि हात बाहेर काढला. मोजा उतरवेपर्यंत फोन पुन्हा वाजला. हात धुतलेले नव्हते, म्हणून हौशीरामभाऊंनीच तो त्याच्या कानाला धरला.

"पाहिलंत?" मॅडम म्हणाल्या. "ऐकतायत. सगळ्या नाहीत, आणि सावकाश. पण चढ थांबलाय. गुरुवारी अजून उतरला तर बाळाला आणखी एक आठवडा आत ठेवू."

"आन् गुरुवारी चढला तर?"

मॅडम म्हणाल्या, "तर पिशवी भरलेलीच आहे ना?"

"व्हय."

"मग भरलेली राहू दे. आणि गोकुळ, घाबरायला हरकत नाही. पण औषध वेळेवर द्या."

त्यानं हात धुतले. हौशीरामभाऊंनी चहा टाकायला सांगितला होता, तो त्यानं नाकारला. मोटरसायकल सुरू करून तो गोठ्याच्या दारात तसाच बसून राहिला. घरी जाऊन तिला काय सांगायचं, ते त्याला ठरवता येईना. उतरला म्हणावं, तर ती गुरुवारपर्यंत त्या एका शब्दावर उभी राहील. आणि तो शब्द किती भार सोसेल, ते अजून कुणालाच ठाऊक नव्हतं.

मग त्यानं फोन काढला आणि तिला नुसता आकडा सांगितला.

पलीकडं लंकाबाई नाम घेत होत्या, ते ऐकू येत होतं.

"इकडं या," उज्ज्वला म्हणाली. "चार वाजायला आलेत. आज सोमवार हाय."